रात्रपाळीतला ड्रॅक्युला: १९३१ च्या स्पॅनिश ‘द्राकुला’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कुठला ड्रॅक्युला? बेला लुगोसीचा तोच का?

तो नव्हे. लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ इंग्रजी. टॉड ब्राउनिंगने दिग्दर्शित केलेला तो चित्रपट फेब्रुवारी १९३१ मध्ये न्यूयॉर्कला लागला. काळा झगा, चापून मागे बसवलेले केस, शब्द तोलत तोलत बोलणं हे सगळं आपल्या डोक्यात त्यानेच बसवलं. इथे विषय आहे तो त्याच युनिव्हर्सल स्टुडिओत, त्याच सेटवर, त्याच पटकथेवरून आणि त्याच आठवड्यांत स्पॅनिशमध्ये बनलेल्या ‘द्राकुला’चा. नट वेगळे, दिग्दर्शक वेगळा, कॅमेरामनही वेगळा. इंग्रजीचं काम दिवसा चालायचं, स्पॅनिशचं रात्री.

माझं मत आधीच सांगून टाकतो: खुद्द ड्रॅक्युला सोडला, तर या स्पॅनिश चित्रपटात बाकी जवळजवळ सगळं इंग्रजीपेक्षा सरस आहे. ड्रॅक्युलाच्या चित्रपटाबद्दल असं म्हणणं जरा चमत्कारिक वाटेल, पण बघितल्यावर पटतं.

एकच गोष्ट दोनदा का चित्रित केली? सरळ डबिंग का नाही केलं?

मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. मधल्या पाट्या बदलल्या की तोच चित्रपट बर्लिनलाही चालायचा आणि ब्यूनोस आयर्सलाही. बोलपट आला आणि हॉलिवूडची परदेशातली मिळकत धोक्यात आली. डबिंगचं तंत्र तेव्हा कच्चं होतं, ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे. मग स्टुडिओंनी सरळसोट मार्ग काढला: तोच चित्रपट दुसऱ्या भाषेत पुन्हा उभा करायचा. पॅरामाउंटने त्यासाठी पॅरिसजवळ वेगळा स्टुडिओच चालवला. ग्रेटा गार्बोने ‘ॲना ख्रिस्ती’ इंग्रजीनंतर जर्मनमध्येही केला. लॉरेल-हार्डी तर एका अक्षराचा अर्थ न कळता, लिहून दिलेले उच्चार वाचून स्पॅनिश बोलले, आणि लोकांना ते आवडलंही!

हा प्रकार आपल्याला परका नाही. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांत काढला. पुढे १९३७ ची ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ ही जोडीही तशीच. फरक एवढाच की प्रभातकडे दुर्गा खोटे किंवा शांता आपटे दोन्ही भाषांत स्वतःच उभ्या राहत. युनिव्हर्सलने नटसंचच बदलला.

‘द्राकुला’मागे डोकं होतं पॉल कोनर या तरुण निर्मात्याचं. तो मूळचा बोहेमियातला आणि स्टुडिओचे मालक कार्ल लेम्ली यांच्या मर्जीतला. त्याचा हिशेब सोपा होता. लॅटिन अमेरिकेची बाजारपेठ मोठी आहे, सेट उभेच आहेत आणि रात्रभर ते रिकामे पडलेले असतात.

यात प्रेमाचाही भाग होता म्हणतात, त्याबद्दल पुढे येईलच.

रात्रीचं शूटिंग कसं चालायचं?

ऑक्टोबर १९३० मध्ये काम सुरू झालं. संध्याकाळी ब्राउनिंगची मंडळी बाहेर पडली की स्पॅनिश बोलणारी मंडळी आत शिरायची आणि पहाट होईपर्यंत काम चालायचं. मध्यरात्री जेवणाची सुट्टी. नायिका लुपिता तोवारने पुढे मुलाखतींत सांगितलं की सेट अगदी तेच असायचे. नटांनी कुठे उभं राहायचं याच्या जमिनीवरच्या खुणाही दिवसाच्या नटांच्याच. कोळिष्टकांनी भरलेल्या त्या प्रचंड सेटवर रात्रीबेरात्री वावरायला भीती वाटायची, हेही तिने सांगितलंय. अभिनयाला तेवढीच मदत.

पैसा बेताचाच होता. इंग्रजीला जेवढा खर्च आला त्याच्या साधारण एक-पंचमांश रकमेत हा चित्रपट झाला, आणि वेळही इंग्रजीच्या जवळपास निम्माच लागला.

आता यातली खरी गंमत. दिवसा चित्रित झालेला भाग संध्याकाळी स्पॅनिश चमूला बघता यायचा. ब्राउनिंगने कॅमेरा कुठे ठेवला, प्रकाश कसा टाकला, कुठे दृश्य पडलं, हे समोर दिसायचं. आणि मग रात्रभर एकच ईर्ष्या: यापेक्षा चांगलं करून दाखवायचं.

दिग्दर्शकाला स्पॅनिश येत नव्हतं म्हणतात. खरं का?

खरं. जॉर्ज मेलफर्ड हा मूकपटांच्या काळातला मुरलेला दिग्दर्शक. मूकपटांचा तारा व्हॅलेंटिनोचा १९२१ चा ‘द शेख’ त्याचाच. स्पॅनिश त्याला येत नव्हतं, म्हणून सेटवर दुभाष्या असायचा. संवाद बाल्तासार फर्नांदेस कुए याने स्पॅनिशमध्ये आणले होते.

पण मूकपटाच्या माणसाला शब्द कळले नाहीत म्हणून काय बिघडतं? नट कुठून कुठे चालला, चेहऱ्यावर काय उमटलं, सावली कुठे पडली, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. मला तर वाटतं, संवाद कळत नसल्यामुळेच मेलफर्डचं लक्ष दृश्यावर राहिलं. ब्राउनिंगचा चित्रपट बोलपटाच्या नवेपणाने बावचळल्यासारखा ठिकठिकाणी थांबून राहतो. इंग्रजीत हार्करची, म्हणजे नायकाची, भूमिका करणारा डेव्हिड मॅनर्स तर पुढे सांगायचा की सेटवर खरं दिग्दर्शन कॅमेरामन कार्ल फ्रॉइंडच करत होता.

तो इंग्रजीपेक्षा खरंच चांगला आहे, की हा नुसता दर्दी लोकांचा हट्ट?

थोडा हट्ट आहे, पण दाखवण्यासारखे पुरावेही आहेत.

पहिलं दृश्य घ्या. रेनफिल्ड, म्हणजे पुढे ड्रॅक्युलाच्या कह्यात जाऊन वेडा होणारा पाहुणा, ड्रॅक्युलाच्या कॅसलमध्ये शिरतो. (कादंबरीत हार्कर जातो, चित्रपटात रेनफिल्ड.) भग्न दिवाणखाना, रुंद दगडी जिना, त्यावर माणसाहून मोठं कोळ्याचं जाळं. इंग्रजीत लुगोसी मेणबत्ती घेऊन जिना उतरतो आणि आपण ते लांबून बघतो. स्पॅनिशमध्ये रेनफिल्ड वळतो, वर काउंट उभा असलेला दिसतो, आणि कॅमेरा जमिनीवरून सुटून सरळ जिना चढत त्याच्याकडे झेपावतो. तो वर पोचतो तेव्हा काउंट म्हणतो, ‘यो सोय द्राकुला.’ मी द्राकुला. १९३० साली आवाज रेकॉर्ड करायची अवजड यंत्रणा सांभाळत कॅमेरा असा हलवणं सोपं नव्हतं. हे श्रेय जॉर्ज रॉबिन्सन या कॅमेरामनचं.

दुसरं, शवपेट्या. इंग्रजीत ड्रॅक्युला पेटीतून उठणार म्हटलं की कॅमेरा सभ्यपणे मान वळवतो, आणि परत येतो तोवर काउंट उभा. स्पॅनिशमध्ये झाकण उघडतं, आतून उजळलेला धूर वर येतो आणि त्या धुरात तो दिसतो. साधीच युक्ती, पण परिणाम जबरदस्त.

तिसरं, आरशाचं दृश्य. पिशाच्चांचा माग काढणाऱ्या डॉक्टर व्हॅन हेल्सिंगच्या लक्षात येतं की सिगारेटच्या डबीच्या आतल्या आरशात पाहुण्याचं प्रतिबिंबच पडत नाही. तो डबी त्याच्यापुढे धरतो. लुगोसी हाताच्या फटक्याने ती उडवतो आणि लगेच सावरतो. स्पॅनिशमधला ड्रॅक्युला, कार्लोस विल्यारियास, हातातली काठी उचलून ती डबी चक्काचूर करतो. क्षणभर खोलीतले सगळे गोठतात. इतका वेळ सभ्य सरदार म्हणून वावरलेल्या माणसाचा मुखवटा असा खाडकन उतरलेला इंग्रजीत दिसत नाही.

आणखी एक, कथेतल्या भोकांचं. इंग्रजीत नायिकेची मैत्रीण ल्यूसी पिशाच्च होते, लहान मुलांना गाठते, असं कळतं आणि मग चित्रपट तिला विसरूनच जातो. तिचं पुढे काय झालं? पत्ता नाही. स्पॅनिशमध्ये व्हॅन हेल्सिंग आणि हार्कर दफनभूमीतून बाहेर येताना दिसतात, आणि आत काय उरकून आले हे कळतं. कॅसलमधल्या तीन पिशाच्च बायकांचंही तसंच. इंग्रजीत ड्रॅक्युला त्यांना हातानेच मागे सारून बेशुद्ध रेनफिल्डवर स्वतः वाकतो. स्पॅनिशमध्ये त्या तिघीच त्याच्यावर तुटून पडतात, आणि ते बघायला जास्त अस्वस्थ करतं.

एवढं सगळं मान्य करूनही निकाल देताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. पेपर आधीच फुटलेला असताना पहिला नंबर आला, तर कौतुक किती करायचं?

मग ड्रॅक्युलाचं काय बिनसलं?

कार्लोस विल्यारियास. स्पेनमधल्या कोर्दोबाचा नट, वाईट मुळीच नव्हे. पण लुगोसीचं दिवसाचं काम बघायची परवानगी नटांपैकी एकट्या त्यालाच होती असं सांगतात; त्याने लुगोसीसारखं दिसावं, वागावं अशी स्टुडिओची इच्छा होती. नक्कल केली की जे होतं तेच झालं. लुगोसी डोळे स्थिर ठेवतो आणि आपण हबकतो. विल्यारियास डोळे वटारतो आणि आपल्याला हसू येतं. दात विचकून हसताना तर तो चक्क खट्याळ वाटतो.

त्याची बाजूही मांडतो. पाहुण्याचं आगतस्वागत करणारा यजमान म्हणून तो लुगोसीपेक्षा पटतो. लुगोसीच्या घरी कोणी शहाणा माणूस जेवायला थांबणार नाही, याच्याकडे थांबेल. गंमत म्हणजे काही लांबच्या दृश्यांत दिसणारा काउंट विल्यारियास नाहीच, ती लुगोसीची उरलेली फिल्म वापरलीय. कुठे ते ओळखायचा खेळ दुसऱ्यांदा बघताना करा.

बाकी कोण कोण आहे?

रेनफिल्डच्या भूमिकेत पाब्लो आल्वारेस रुबिओ, आणि हा या चित्रपटाचा खजिना. इंग्रजीतल्या ड्वाइट फ्रायचं घशातल्या घशात हसणं अजरामर आहेच. आल्वारेस रुबिओ मात्र किंचाळतो, रडतो, गयावया करतो, मध्येच अगदी शहाण्यासारखं बोलतो आणि त्याच वाक्यात पुन्हा घसरतो. माश्या आणि कोळी खाणाऱ्या माणसाची कीव यावी हे त्याचं यश. व्हॅन हेल्सिंग झालाय मेक्सिकोचा एदुआर्दो आरोसामेना, आणि लुसिया (इंग्रजीतली ल्यूसी) झालीय कार्मेन गेरेरो. हुआन हार्कर म्हणजे ब्यूनोस आयर्समध्ये जन्मलेला बॅरी नॉर्टन. तो दिसतो छान. एवढंच. पण हार्करला कुठल्याच आवृत्तीत फारसं काम नसतं.

लुपिता तोवारबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण तिची गोष्ट चित्रपटाहून कमी रंगतदार नाही. ती मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातली. हॉलिवूडला आली आणि बोलपट आल्यावर, तिच्यासारख्या इंग्रजी नीट न येणाऱ्या मूकपट-नट्यांवर जी वेळ आली तीच तिच्यावरही आली. परत मेक्सिकोला जाण्याची तयारी सुरू होती. पॉल कोनरचा तिच्यावर जीव जडला होता, आणि परभाषी आवृत्त्यांची कल्पना त्याने लेम्लींच्या गळी उतरवली ती बरीचशी तिला थांबवण्यासाठी, अशी आठवण तिने स्वतः सांगितलीय. आधी मेलफर्डच्याच हाताखाली तिने एका इंग्रजी भयपटाची स्पॅनिश आवृत्ती केली, आणि मग ‘द्राकुला’. १९३२ साली दोघांनी लग्न केलं. त्याच सुमारास मेक्सिकोत तिचा ‘सांता’ आला, तो त्या देशाच्या बोलपटांचा श्रीगणेशा मानला जातो. कोनर पुढे हॉलिवूडमधला बडा एजंट झाला.

मुलगी सुझन कोनरला १९५९ च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं. नातू क्रिस वाइट्झ दिग्दर्शक झाला, आणि २००९ साली त्याने केलेला चित्रपट होता ‘ट्वायलाइट’ मालिकेतला ‘न्यू मून’. पिशाच्चांनी हे घर काही सोडलं नाही! लुपिता २०१६ मध्ये गेली, १०६ वर्षांची होऊन.

चित्रपटातली तिची एव्हा बघा. (इंग्रजीतली मीना म्हणजे इथली एव्हा.) ड्रॅक्युलाची छाया पडण्याआधी ती साधी, जरा लाजरी मुलगी आहे. पडल्यानंतर गच्चीवर हुआनजवळ बसलेली असताना तिच्या नजरेत हळूहळू जे उतरतं ते इंग्रजीतल्या हेलन चँडलरला जमलेलं नाही. चँडलरची मीना आजारी वाटते. एव्हा भुकेली वाटते.

कपड्यांवरून काही वाद झाला होता का?

वाद नाही, पण फरक नजरेत भरतो. एव्हाचे आणि लुसियाचे झगे इंग्रजी आवृत्तीपेक्षा बरेच खोल गळ्याचे आणि तलम आहेत. हॉलिवूडची आचारसंहिता १९३० मध्ये कागदावर आली तरी ती कडक झाली १९३४ पासून. त्यात हा माल परदेशी जाणारा. पहारा ढिला होता.

सगळे एकच स्पॅनिश बोलतात का?

नाही. कोर्दोबाचा काउंट, मेक्सिकोची नायिका, अर्जेंटिनाचा नायक, आणि सगळे म्हणे लंडनचे रहिवासी. त्या काळी हॉलिवूडच्या स्पॅनिश चित्रपटांवर स्पेनपासून चिलीपर्यंत हीच तक्रार होती. आपल्याला सबटायटल वाचताना ते जाणवत नाही, पण स्पॅनिश शिकत असाल तर कान द्या, मजा येईल.

१०४ मिनिटं? इंग्रजी तर सव्वा तासात संपतो. कंटाळा येतो का?

येतो. खोटं का बोला. पटकथेचा पाया ब्रॅम स्टोकरची १८९७ ची कादंबरी असला, तरी त्यावर भिंती उभ्या आहेत हॅमिल्टन डीन आणि जॉन बाल्डरस्टन यांच्या नाटकाच्या. त्यामुळे लंडन आलं की दिवाणखाना, कोच, आणि पिशाच्च असतं की नसतं यावर चर्चा. इंग्रजीत या भागाला कात्री लागली. स्पॅनिशमध्ये जवळपास सगळं राहिलं. कथा त्यामुळे स्वच्छ कळते, पण वेग जातो. ट्रान्सिल्व्हानियातला, म्हणजे कॅसलचा, भाग एका बैठकीत बघा. लंडनमध्ये व्हॅन हेल्सिंगचं व्याख्यान सुरू झालं की चहा टाकायला हरकत नाही, आरशाच्या दृश्याला मात्र परत या.

भीती वाटते का? मुलांना दाखवावा का?

आजच्या अर्थाने दचकवणारं काही नाही. रक्ताचे पाट नाहीत, खुंटी ठोकण्याचं काम पडद्याआड. वटवाघूळ तर दोरीला लटकवलेलं असावं असं उडतं. भीती आहे ती जागांची आणि रेनफिल्डच्या ओरडण्याची. दहा-बारा वर्षांची मुलं वटवाघळाला हसतील आणि रेनफिल्डपाशी गप्प होतील.

पार्श्वसंगीत का नाही?

सुरुवातीच्या श्रेयनामावलीला चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चे सूर, आणि मग जवळपास शांतता. इंग्रजी आवृत्तीतही तेच. वाद्यवृंद पडद्यावर दिसत नसताना संगीत कुठून आलं, असा प्रश्न प्रेक्षकाला पडेल, ही शंका तेव्हाच्या निर्मात्यांना होती. इंग्रजी आवृत्तीला १९९९ मध्ये फिलिप ग्लासने नवं संगीत दिलं. स्पॅनिश आवृत्ती बिनसंगीताचीच आहे, आणि मला ती तशीच बरी वाटते. दाराची करकर पुरते.

इतकी वर्षं तो होता कुठे?

१९३१ च्या मार्चमध्ये हवानात पहिला खेळ झाला, लॅटिन अमेरिकेत आणि अमेरिकेतल्या स्पॅनिश वस्त्यांत तो चालला, आणि मग गुंडाळून ठेवला गेला. काही वर्षांत डबिंग आणि सबटायटल सुधारले, परभाषी आवृत्त्यांचं प्रयोजनच संपलं. स्टुडिओला त्या जपायचं कारण नव्हतं. अशा कितीतरी आवृत्त्या कायमच्या गेल्या, लुपिता-मेलफर्ड जोडीचा आधीचा चित्रपटही त्यातच.

‘द्राकुला’ची अमेरिकेतली मूळ फिल्म होती, पण तिचं तिसरं रीळ, त्या काळच्या फिल्मचं नायट्रेट सडून, खराब झालं होतं. म्हणजे सगळं असून मधलाच तुकडा नाही. तो मिळाला क्युबाच्या चित्रपट संग्रहालयातल्या प्रतीत. भयपटांचा इतिहास लिहिणारा डेव्हिड स्काल १९८० च्या दशकाच्या शेवटी ती प्रत बघायला हवानाला गेला होता. अमेरिका-क्युबा संबंध लक्षात घेता हा प्रवासही सोपा नसणार. १९९२ मध्ये युनिव्हर्सलने जोडलेली आवृत्ती व्हिडिओवर आणली आणि लोकांना कळलं की हा चित्रपट आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. तिसऱ्या रिळाचा पोत आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळा दिसतो तो या क्युबातल्या प्रतीमुळे. तुमच्या टीव्हीचा दोष नाही.

बघायचा कुठे, आणि आधी कुठला?

युनिव्हर्सलच्या ‘ड्रॅक्युला’ ब्ल्यू-रे संचांत लुगोसीच्या चित्रपटाबरोबर हा जोडीला दिलेला असतो, इंग्रजी सबटायटलसह. काही संचांत सुरुवातीला वृद्ध लुपिता तोवार स्वतः प्रस्तावना करते, ती चुकवू नका.

आधी इंग्रजीच बघा. उलट केलं तर लुगोसी नुसता संथ वाटेल आणि त्याच्यावर अन्याय होईल. दोन्ही पाठोपाठ मात्र नको, तेच जिने आणि तेच संवाद लागोपाठ तीन तास सोसवत नाहीत. मध्ये एक रात्र जाऊ द्या. स्टोकरची कादंबरी वाचलेली असण्याची गरज नाही. वाचली असेल तर हार्करऐवजी रेनफिल्ड गाडीतून उतरताना कपाळाला आठी पडेल इतकंच.

आवडला तर पुढे काय बघू?

जॉर्ज रॉबिन्सनचा कॅमेरा आवडला असेल तर १९३६ चा ‘ड्रॅक्युलाज डॉटर’. तोही कृष्णधवल, तोही त्यानेच टिपलेला, आणि ग्लोरिया होल्डनची काउंटेस विल्यारियासपेक्षा कितीतरी उजवी. गूढ, स्वप्नासारखं काही हवं असेल तर कार्ल ड्रायरचा १९३२ चा ‘व्हॅम्पायर’. त्यात कथा शोधत बसू नका. आणि स्पॅनिशमधलाच हवा असेल तर मेक्सिकोचा १९५७ चा ‘एल व्हाम्पिरो’. त्यातला हेर्मान रोब्लेसचा काउंट लावूद रुबाबदार आहे, आणि त्याला सुळेही आहेत.